टी. टी. नगरपर्यंत काका

सुईचं टोक लांबून दिसलं तरी ज्याला घेरी येते, आणि तरीही भोपाळच्या निम्म्या नर्सेस ज्याच्या हाताखालून तयार होऊन बाहेर पडल्या, असा माणूस जगात एकच होऊन गेला आणि तो आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत असे. हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते आहे. माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. हाडांचे, पोटाचे, डोळ्यांचे, नाना तऱ्हेचे नामांकित डॉक्टर मी जवळून पाहिले, त्यांच्या शिव्याही खाल्ल्या. पण आजारी माणसाजवळ कसं बसायचं हे मला ज्यानं शिकवलं, त्याला थर्मामीटर झटकून पारा खाली आणता येत नव्हता. एकदा त्यांनी तो प्रयत्न आमच्या व्हरांड्यात केला होता. थर्मामीटर दोन दिवसांनी तुळशीच्या कुंडीत सापडला.

आमचं नर्सिंग कॉलेज शिवाजी नगरात होतं. पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया, जंतुशास्त्र असे एकाहून एक उग्र विषय असत, आणि त्यांच्या जोडीला, पंगतीत मीठ-लिंबू वाढतात तसा, एक विषय असे. त्याला आधार पाठ्यक्रम म्हणत. थोडी भाषा, थोडं समाजशास्त्र, थोडं नागरिकशास्त्र आणि वर्षाच्या शेवटी वेळ उरलाच तर झाडं लावा. डॉक्टरी किंवा नर्सिंग शिकायला आलेल्यानं निव्वळ हाडंच मोजू नयेत, त्याला चार इतर गोष्टीही माहीत असाव्यात, असा सरकारचा उदात्त हेतू होता. मुली मात्र त्या तासाला स्वेटर विणत. ह्या विषयात कुणी नापास होतं हे कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. शेजारचे हे गृहस्थ, आमचे सर, तो विषय शिकवत म्हणून हिंदी मुली त्यांना ‘आधारवाले सर’ म्हणत, आणि त्यांना ते नाव इतकं आवडलं होतं की फोनवर ते स्वतःच ‘मैं आधारवाला बोल रहा हूँ’ अशी सुरुवात करत. पलीकडचा माणूस बहुतेक वेळा फोन ठेवून देई.

मूळचे ते ग्वाल्हेरचे. पिपलानीच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत माणूस कोणत्या ब्लॉकला आणि कोणत्या ग्रेडला, ह्या दोन प्रश्नांवर त्याची सगळी किंमत ठरते. सरांची पंचाईत अशी की ते कारखान्यात नव्हतेच. नोकरी होती त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, स्टोअरच्या ऑफिसात. क्वार्टर काकूंच्या नावावर, पाटी काकूंची, कॅंटीनची कुपनं काकूंची. एखाद्या नव्या इंजिनिअरनं गणपतीच्या मंडपात ऐटीत विचारलं, “आपण कोणत्या ब्लॉकला?” की सर तितक्याच ऐटीत सांगत, “मी मिसेसच्या ब्लॉकला.” पुरुषमंडळी हसत. सरही हसत, आणि पाचच मिनिटांत त्या इंजिनिअरचं गाव कोणतं, आई कुठे असते, इथलं पाणी त्याला बाधलं का, हे सगळं काढून घेत. त्याची ग्रेड विचारायची मात्र राहून जाई.

माणसं हेच त्यांचं व्यसन. काकू म्हणत, “ह्यांना दही आणायला पाठवलं की दही सोडून सगळं घरी येतं.” आणि ते शब्दशः खरं होतं. पिपलानीच्या बाजारात जायला आम्हाला दहा मिनिटं लागत, सरांना दीड तास. वाटेत सायकलचं पंक्चर काढणारा, इस्त्रीवाली, बदली होऊन ट्रकमध्ये सामान चढवणारं एखादं अनोळखी कुटुंब, सगळ्यांशी थांबून बोलणं होई. परत येत ते रिकामं भांडं हलवत आणि फाटकातूनच सांगत, “अहो ऐकलंत का, त्या दहीवाल्याच्या मुलीचं जमलं!” काकूंनी तोवर ताकाऐवजी कोकमाचं सार केलेलं असे.

पण सरांची खरी मौज बसमध्ये होती. सकाळी आम्ही दोघं पिपलानीहून एकाच बसनं निघायचो. बसमध्ये ते काका असत. बुशशर्ट बाहेर, हातात भुईमुगाच्या शेंगांचा पुडा, “तुझ्या आईचा गुडघा कसा आहे गं?” अशा गप्पा. टी. टी. नगरचा स्टॉप आला की आम्ही उतरायचो, आणि तिथं, भर रस्त्याच्या कडेला, ते शांतपणे बुशशर्ट पँटमध्ये खोचायला लागत. शर्ट खोचला की काकांचे सर झाले. मग शेंगा बंद, गुडघा बंद. शिवाजी नगरपर्यंतच्या वाटेवर ते माझ्या चार पावलं पुढे चालत आणि वर्गात मला “आपण” म्हणत. “आपण काल निबंध दिला नाहीत,” असं मला म्हणणारे कोण, तर सकाळी सोललेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवणारे! संध्याकाळी त्याच स्टॉपवर शर्ट बाहेर येई आणि ते विचारत, “काय गं, निबंध का नाही दिलास? सर रागावले असतील.” ह्यात थट्टेचा अंशही नव्हता. एका माणसानं दोन नाती सांभाळायची तर त्यांची हद्द कुठंतरी असायला हवी, आणि त्यांनी ती टी. टी. नगरला आखली होती, इतकंच.

वर्गात हजेरी घ्यायची त्यांची पद्धतही जगावेगळी. नाव पुकारलं की “उपस्थित” किंवा “यस सर” चालत नसे. सकाळी काय खाऊन आलात ते सांगायचं. “पोहे.” “पराठा, सर.” “रात की खिचडी, सर.” हजेरीच्या वहीत हे सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं असे. एकदा कॉलेजची तपासणी करायला आलेल्या साहेबांनी ती वही उघडली आणि बराच वेळ ते “पोहा-जलेबी, पोहा, पोहा, कुछ नहीं, पोहा-जलेबी” असं वाचत राहिले. त्यांनी विचारलं, “यह क्या है?” सर म्हणाले, “जी, उपस्थिति.” आम्हाला आधी हा निव्वळ चक्रमपणा वाटे. पुढे लक्षात आलं की जी मुलगी “कुछ नहीं” म्हणे, तिच्या बाकावर तास संपेपर्यंत एक केळं आलेलं असे. सरांच्या पिशवीत पुस्तक असो नसो, केळी असत.

आणि ‘पान’. सरांचा सगळा आधार पाठ्यक्रम ह्या एका पानात होता. एका माणसाजवळ तासभर बसायचं आणि त्याच्याविषयी एक पान लिहायचं. पानात आजाराचं नाव आलं की लाल पेन्सिल. आपलं मत आलं की लाल पेन्सिल. सुरुवातीला ते आम्हाला टी. टी. नगरच्या बाजारात नेऊन सोडत. एकीला मोच्यापाशी, एकीला बांगडीवाल्यापाशी, मला एका कुलुपं दुरुस्त करणाऱ्यापाशी. मग वॉर्डातल्या रुग्णांपाशी. शरीररचनेच्या मॅडमना हे अजिबात पसंत नव्हतं. त्या एकदा स्टाफरूममध्ये कडाडल्या, “सर, मरीज़ की नब्ज़ देखनी है या उसकी राम-कहानी सुननी है?” सर म्हणाले, “मैडम, नब्ज़ तो आप सिखा ही रही हैं। हाथ पकड़े-पकड़े लड़की खाली बैठी रहती है, उतने में सुन लेगी।” मॅडम आणखीच चिडल्या.

स्वतः सरांना दवाखान्याचं वावडं. वसाहतीत लस टोचायचं शिबिर होतं तेव्हा ते रांगेत सगळ्यांना धीर देत उभे होते, “काही नाही हो, मुंगी चावते तितकंच,” आणि पुढच्या माणसाच्या दंडाला कापूस लागलेला पाहूनच खाली बसले. आम्ही दोघी-तिघींनी पाणी शिंपडलं. डोळे उघडल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, “हा कापूस लावणारी मुलगी छिंदवाड्याची का गं? बोलण्यावरून वाटलं.” ती होती.

आता ज्या प्रकरणामुळे हे सगळं लिहायला बसले, ते सांगते. वार्षिक परीक्षेतल्या दहा मार्कांसाठी आम्हाला कारखान्याच्या दवाखान्यातल्या एका रुग्णाचं पान द्यायचं होतं. दुसऱ्याच दिवशी माझी शरीररचनेची तोंडी परीक्षा होती आणि पायाच्या घोट्यातली हाडं काही केल्या डोक्यात बसत नव्हती. मी अक्कल लढवली. कॉलेजच्या कॅंटीनमध्ये बसून, समोशाच्या साक्षीनं, वीस मिनिटांत पान पाडलं. पुरुषांचा वॉर्ड, चौदा नंबरची खाट. तीवर मी एक गप्पिष्ट हलवाई निजवला, बीना गावचा. त्याला दोन पोपट दिले. एक पोपट हनुमानचालीसा म्हणतो आणि दुसरा त्याला मध्येच टोकतो, असं रंगवून लिहिलं. शेवटी पोपटांच्या आठवणीनं हलवायाच्या डोळ्यांत पाणी आणलं. मला स्वतःलाच भरून आलं होतं. सरांनी वर्गात ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

निकाल लागला त्या दिवशी फळ्यापुढे उभी राहून मी माझा नंबर तीनदा वाचला. शरीररचनेत पहिला वर्ग, शरीरक्रियेत पहिला वर्ग, आणि आधार पाठ्यक्रमात नापास. पानाला शून्य, आणि पानात नापास तो विषयात नापास. आणि नियम असा की आधार सुटला नाही तर दुसऱ्या वर्षात बसता येणार नाही. महिन्याभरात पूरक परीक्षा. तीही गेली तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की कारखान्याच्या दवाखान्यातली नेमणूक गेली, जी मला मिळाल्याची बातमी बाबांनी सगळ्या ब्लॉकला आधीच देऊन टाकली होती. बाबा तिथं फोरमन होते. वसाहतीत बातमी पसरायला सायकलवरचा एक माणूस पुरतो. संध्याकाळपर्यंत लोक सांत्वनाला येऊ लागले. “आधारमध्ये?” ते डोळे विस्फारून विचारत. कवायतीत नापास व्हावं तसं ते होतं. आणि नापास करणारा कोण, तर दर रविवारी बाबांशी कॅरम खेळणारा शेजारी.

आईनं त्या दिवशी शेजारच्या घराशी युद्ध पुकारलं, पण तिच्यापुढे एक धर्मसंकट उभं राहिलं. काकूंची एक वाटी आमच्या घरात होती. परवाच त्यांनी तिच्यातून आमटी पाठवली होती. वाटी ठेवून घ्यायची नाही, हा स्वाभिमान. वाटी रिकामी परत करायची नाही, हा संस्कार. आणि भरून पाठवायची, तर मुलीला नापास करणाऱ्याच्या घरी गोडधोड कुठल्या तोंडानं पाठवायचं? शेवटी ती वाटी स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथी पडून राहिली. आई तिच्याकडे बघून रोज एकदा दात-ओठ खाई. कॅरमचा बोर्डही बाबांनी भिंतीला टेकवून ठेवला.

मी तणतणत शेजारी गेले. ते व्हरांड्यात बसले होते, शर्ट बाहेर. “तुम्ही मला नापास का केलंत?” ते म्हणाले, “बेटा, इथं मी काका आहे. काकांना ह्यातलं काही माहीत नसतं. सरांना उद्या दहानंतर भेट, शिवाजी नगरला.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच क्षणी मी ठरवलं, ह्या माणसाला पुन्हा काका म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टॉपवर मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं “नमस्ते, सर” म्हटलं आणि बसमध्ये अगदी मागच्या सीटवर जाऊन बसले. शेंगांचा पुडा त्यांच्या हातात तसाच राहिला.

दहानंतर सर भेटले. शर्ट खोचलेला. शांतपणे म्हणाले, “आपले पोपट फार आवडले मला. रविवारी मी हिरव्या मिरच्या आणि पेरू घेऊन दवाखान्यात गेलो होतो. म्हटलं, घरी कुणी जाणार असेल तर पोपटांना पाठवता येतील.” मी खाली पाहिलं. “चौदा नंबरवर क्रेन चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांना मी विचारलं, आपके तोते कैसे हैं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ह्या खाटेवर खरं तर ह्यालाच निजवायला हवं.” मला हसू येत होतं आणि रडूही. सर हसले नाहीत. “तासभर बसलो मी. ते एक शब्द बोलले नाहीत. ताट आलं तसं परत गेलं. आपण त्यांच्या खाटेवर दुसराच माणूस निजवलात. आता महिना आहे. ह्या माणसाचं पान आणा.”

चौदा नंबरवरचे बैजनाथजी सागर जिल्ह्याकडचे. मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजन लावून टांगलेला. बायको गेलेली, मुलगा दूर नोकरीला. निवृत्तीपर्यंत कारखान्यात क्रेनवर होते. आणि ते जेवत नव्हते. दोन घास, की ताट बाजूला. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर काळजीत होत्या. अन्न पोटात गेल्याशिवाय हाड कसं जुळणार? समजूत घालून झाली, दरडावून झालं, डॉक्टर ओरडून झाले. जेवणाच्या वेळी वॉर्डबॉय, आया आणि शेजारपाजारचे वीस रुग्ण त्यांच्याकडे तोंड करून “खा लो दादा, खा लो” असा गजर करत. दादा छताकडे बघत.

पहिल्या दिवशी मी त्यांना चाळीसेक प्रश्न विचारले असतील. उत्तर एक आलं. “बिटिया, पंखा थोड़ा कम कर दो।” दुसऱ्या दिवशी तेही नाही. चौथ्या दिवशी माझ्याकडचे प्रश्न संपले. आठव्या दिवशी मी आशा सोडली आणि नुसती स्टुलावर बसून स्वेटर विणू लागले, कारण आधारच्या तासाला मला दुसरं काही येतच नव्हतं. टाके मोजायला मान खाली घातली होती. अचानक खाटेवरून आवाज आला, “तुम फोरमैन साहब की बेटी हो?”

मी दचकले. बाबांना ओळखता का, असं मी विचारलं. म्हणाले, “शकल से नहीं। सिर से। तुम्हारी माँग में जो भँवरी है, उनके भी वहीं थी, जब बाल थे। अब बीच में से साफ़ है, दाएँ कान के ऊपर पुराना टाँका है।” माझ्या भांगात केसांचा भोवरा आहे खरा, आणि बाबांचं डोकं तंतोतंत असंच होतं. मग ते हळूहळू बोलू लागले. आयुष्यभर छताखालच्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्यांनी खाली माणसांची फक्त डोकी पाहिली होती. कोण तेल लावतो, कुणाला टक्कल पडतंय, कुणी लग्नाआधी केस काळे केले, सगळं त्यांना पाठ. चेहरा मात्र फारसा कुणाचा माहीत नाही. सकाळी शिडीनं वर चढायचं ते सुट्टीलाच उतरायचं. डबा वरच. “नीचे सब मिलके खाते थे। मैं ऊपर अकेला। किसी ने मुझे खाते नहीं देखा, बिटिया।” एवढं बोलून ते थांबले, जरा लाजले, आणि म्हणाले, “यहाँ तो सब देखते हैं।”

मी स्वेटर खाली ठेवला. वॉर्डाच्या कोपऱ्यात मलमपट्टीच्या वेळी खाटेभोवती लावायचा हिरव्या कापडाचा पडदा होता. ताट आल्यावर मी तो ओढत आणला, चौदा नंबरभोवती लावला, ताट आत ठेवलं आणि लांब जाऊन उभी राहिले. पाव तासानं आतून ताट सरकवल्याचा आवाज आला. ताट लख्ख. मोठ्या सिस्टर धावत आल्या, ताट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि संशयानं विचारलं, “तूने खाया?”

ते पान मी घरी येऊन एका बैठकीत लिहिलं. त्यात पोपट नव्हते, डोळ्यांत पाणी नव्हतं, हाड नव्हतं. डोकी होती, शिडी होती, डबा होता, आणि शेवटी एकच ओळ: ह्यांना जेवताना पडदा लावावा. सिस्टरांनी ती ओळ खाटेच्या तक्त्यावर उतरवून घेतली. पूरक परीक्षेचा निकाल लागला. मी पास झाले. पानाला दहापैकी सात. आईनं त्या दिवशी फळीवरची वाटी उचलली, घासली, काठोकाठ शिरा भरला आणि वर बदाम लावून शेजारी पाठवली. बाबा कॅरमचा बोर्ड झटकून आधी चौदा नंबरला भेटायला गेले. “तुम्हीच का ते वरचे? माझ्या डोक्यावरून इतकी वर्षं लोखंड नेलंत, कधी खिळा पडू दिला नाहीत!” बैजनाथजी त्यांच्या चेहऱ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसे पाहत राहिले. मग म्हणाले, “ज़रा झुकिए।” बाबा वाकले. “हाँ,” ते म्हणाले, “यही हैं।”

सगळं गोड झालं, पण माझा एक सल राहिला. तीन मार्क कुठं गेले? वॉर्डात जे कुणाला जमलं नाही ते मी केलं होतं. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, “विचार करा.” नेमणूक झाली, लग्न झालं, मुलं झाली, मी दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन गेले की विचारी, “सर, माझे तीन मार्क?” आणि ते चकली मोडत म्हणत, “विचार कर.” राग केव्हाच गेला होता. सर हा शब्द मात्र तोंडात बसला तो बसलाच.

दिवस गेले. आधार पाठ्यक्रमात आता चारांपैकी एका उत्तरावर खूण करायची असते, कुणापाशी बसावं लागत नाही. काकू निवृत्त झाल्या तसं क्वार्टर सुटलं, आणि दोघं अयोध्या नगरात छोट्या घरात राहायला गेली. मी वॉर्डची मोठी सिस्टर झाले होते. शिकाऊ मुली येत, त्यांच्याकडून मी अभ्यासक्रमात नसलेलं एक पान लिहून घेई. मुली मला पाठीमागे काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे, कारण आम्हीही तेच म्हणायचो. अशात एक दिवस छातीत कफ भरून सर माझ्याच वॉर्डात दाखल झाले, पाच नंबरवर. सलाईन लावताना डोळे गच्च मिटून मला म्हणाले, “झालं की सांग.” त्यांचं पान एका दमोहच्या मुलीच्या वाट्याला आलं. मी तिला काही सांगितलं नाही.

आठवड्यानं तिनं ते माझ्या टेबलावर ठेवलं. लिहिलं होतं हिंदीत, मी मराठीत सांगते. बाबाजी रोज सकाळी मला विचारतात, काय खाऊन आलीस. मी एकदा काही नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी उशीखालून केळं काढून दिलं. बाबाजींनी आयुष्यात एकाच मुलीला नापास केलं, ती शेजारची होती. महिनाभर त्या घरातून फोडणीचा वास येई, पण वाटी येत नसे, आणि बाबाजींना जेवण जात नसे. मुलगी पास झाली. ती अजून आपले तीन नंबर मागते. बाबाजी म्हणतात, ते तिचे नव्हतेच. पान दोघांचं असतं, सात लिहिणाऱ्याचे आणि तीन सांगणाऱ्याचे. एवढे दिवस गप्प राहिलेला माणूस बोलला, त्याचे ते तीन. बाबाजींना फक्त एक वाईट वाटतं. ती मुलगी आधी त्यांना काका म्हणायची. त्या दिवसापासून सरच म्हणते.

मी चष्मा काढून पुसला. मग पानावर सात मार्क दिले. मुलगी बघतच होती. “मैडम, तीन नंबर कहाँ कटे?” मी म्हटलं, “कटे नहीं, बेटा। पाँच नंबर पे जो लेटे हैं, उनके हैं।”

खाटेशी गेले. ते उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होते, अंगात दवाखान्याचा ढगळ शर्ट. मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, “काका, आज सकाळी काय खाल्लंत?”

त्यांनी आपल्या शर्टाच्या टोकाला हात लावला आणि म्हणाले, “माझा शर्ट तर केव्हाचा बाहेर आहे गं. तुलाच टी. टी. नगर यायला उशीर झाला.”

त्यानंतर ते दीड वर्ष होते. त्या दीड वर्षात मी त्यांना एकदाही सर म्हटलं नाही.